हजिऱ्याच्या पायऱ्या सोडून उन्हात उभी राहिलेली माणसं

सुरतेला जाताना उधन्याला उतरायचं, हे मी तुम्हाला मागच्या वेळी सांगितलं होतं. सांगितलं होतं की नव्हतं? तरी तुमच्यातले निम्मे मोठ्या स्टेशनावर जाऊन उतरतात, रिक्षावाल्याशी हुज्जत घालतात आणि मग मला फोन करून विचारतात, आजी, लिंबायत कुठे राहिलं? मागे राहिलं, बाळांनो. तुमचा चष्मा कपाळावर राहतो तसं. या खेपेला नातीला म्हटलं, जाड अक्षरात लिही: उधना. मला स्वतःला ते जाड आहे की बारीक ते कळत नाही, कारण मी शाळेची पायरी चढलेली नाही. मी बोलते आणि मनीषा लिहिते. मध्येच ती माझी वाक्यं सरळ करते, मी ती परत वाकडी करायला लावते.

ही गोष्ट मनीषा तिच्या आईच्या कडेवर होती तेव्हाची. सुरतेत प्लेग येऊन गेला होता, पळून आलेली आमची माणसं परत कामावर गेली होती आणि शहर धुऊन काढल्यासारखं झालं होतं. माझा थोरला रघू तिकडे लिंबायतला राहायचा आणि पॉवरलूमच्या खात्यात कारीगर होता. खातं म्हणजे लूमचा कारखाना, सुरतेत तसंच म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तो हॉकी खेळायचा. हसू नका. आमच्या भुसावळकडे रेल्वेवाल्यांनी हॉकी रुजवली, तिथला एक जण कामासाठी सुरतेला गेला आणि जाताना चार काठ्या घेऊन गेला. त्यातून लिंबायतच्या आमच्या पोरांचा संघ उभा राहिला. रघू त्याचा गोलकीपर.

संघ हरायचा. सरळ सांगते. दिवसभर बारा-बारा तास लूमपुढे उभं राहिलेली पोरं, धावणार ती किती? पण बघायला अख्खी वस्ती यायची. जिंकणाऱ्याला बघायला कुणीही जातं हो, हरणाऱ्याला दर आठवड्याला बघायला जायचं म्हणजे घरचंच माणूस लागतं.

तर एक दिवस आमच्या गल्लीतला धनराज सुरतेहून लग्नाला आला आणि त्याने निरोप सांगितला. लिंबायतचं मैदान गेलं. मालकाने तिथे कापडाची गोदामं बांधायला काढली. संघ आता हजिऱ्याला खेळणार, तिथल्या एका कारखान्याने वसाहतीत नवं मैदान केलंय, पायऱ्या बांधल्यात, वर पत्रे घातलेत. कारखान्याचे साहेब संघाला कपडे देणार, काठ्या देणार. फक्त पहिला सामना बघून कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं ते ठरवणार.

धनराज हे चांगली बातमी म्हणून सांगत होता. मी मात्र हातातलं सूप खाली ठेवलं आणि धाकट्याला म्हटलं, मला उद्याच्या गाडीत बसवून दे.

कारण रघूला ऐकू येत नव्हतं.

लूमच्या खात्यात तुम्ही कधी गेला असाल तर मी काय म्हणते ते कळेल. धागा नेणारे शंभर धोटे एका वेळी इकडून तिकडे आपटत असतात. तिथे माणूस माणसाशी तोंडाने बोलतच नाही, हाताने बोलतो. पंजा वर केला की लूम बंद कर. खांद्यावर मूठ मारली की त्या बाजूचा धागा तुटलाय, बघ. अशी वर्षं गेली की कान जातात, कुणाचे थोडे, कुणाचे पार. रघूचे पार गेले होते. पण लिंबायतच्या मैदानात त्याचं काही अडायचं नाही. बघणारी माणसं चुन्याच्या रेघेला पाय लावून उभी, सगळी खात्यातली. पंचाने शिट्टी मारली की रेघेवरचे सगळे पंजे वर जायचे. रघूला शिट्टी दिसायची. बॉल डावीकडून येतोय, उजवीकडून येतोय, तेही माणसं खांद्यावर मूठ मारून सांगायची. परक्या संघाला वाटायचं की ही खान्देशी माणसं टाळ्यासुद्धा वाजवत नाहीत, नुसती हातवारे करतात.

त्याचे कान गेलेत हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बाहेर बोललं नव्हतं. आता सामना परक्या मैदानात, बघायला परके साहेब. कळलं तर रघू बाहेर. म्हणून मी निघाले.

आता रस्त्याचं सांगते, लक्ष देऊन वाचा. आमच्या अमळनेरहून सकाळची पॅसेंजर पकडा. एक्स्प्रेसच्या नादाला लागू नका, पॅसेंजरला पैसे कमी लागतात आणि खायला जास्त मिळतं. मला पाट्या वाचता येत नाहीत, तर मी स्टेशनं खिडकीत येणाऱ्या टोपल्यांवरून ओळखते. दोंडाईचाला मिरचीचा ठसका येतो, तो बंद खिडकीतूनही येतो. नंदुरबारला बायका सीताफळं घेऊन डब्यात चढतात आणि तुमच्या मांडीवरच ठेवतात. नवापूर आलं की भाषा बदलते, चहावाला चढताना मराठी असतो आणि उतरताना गुजराती. पुढे व्यारा, बारडोली, दोन्हीकडे ऊस आणि केळी. मग उसाची जागा चिमण्या घेतात, रुळाच्या कडेला कापडाच्या चिंध्या दिसायला लागतात. तिथे पिशवी हातात घ्या. तेच उधना.

उतरल्यावर लिंबायतला रिक्षा मिळते, एकटी करायची गरज नाही, तीन-चार जण भरले की निघते. रिक्षावाला गुजरातीत सुरू करतो, तुम्ही अहिराणीत उत्तर द्या, निम्म्या वेळा तो शिरपूरचा निघतो.

रघूच्या खोलीचं दार उघडं होतं. सुनंदा, माझी सून, मनीषाला भरवत होती आणि रघू पाठमोरा बसून हॉकीच्या पॅडचे पट्टे शिवत होता. मी हाक मारली नाही. त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

"माय, तू कशी काय उनी?" तो ओरडून म्हणाला. खात्यातल्या माणसांना हळू बोलता येत नाही.

मी ओठ मोठे हलवत म्हटलं, तुझा खेळ बघायला. तो हसला आणि परत पट्टे शिवायला लागला. सुनंदानेच मागे मोरीपाशी सगळं सांगितलं. गेल्या महिन्यात खात्याच्या मालकाने रघूला दोन लूम कमी दिले होते, कारण मागून हाक मारलेली कळत नाही. घरी तो बोलत नाही, कारण बोलणं चुकतं आणि माणसं हसतात. एक हॉकीच होती जिथे तो पूर्वीसारखा होता. "हेबी गयं तर यास्नं काय व्हई, आत्या?" ती म्हणाली. हेही गेलं तर यांचं काय होईल.  मी ताटं घासायला घेतली.

संध्याकाळी जुनं मैदान बघायला गेलो. तिथे विटांचे ढीग, खडी, आणि मधोमध एका गोलचे दोन खांब तेवढे अजून उभे. कडेला सुकदेव आप्पाची चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती. सुकदेव आप्पा म्हणजे बघणाऱ्यांचा पुढारी. मूळचा पारोळ्याचा, लूममध्ये बोटं गेल्यावर लारी टाकलेला. मैदान गेलं तरी त्याने लारी हलवली नव्हती. त्याच्याभोवती दहा-पंधरा माणसं बसली होती आणि भांडण रंगात आलं होतं. एक जण म्हणत होता की पोरांना कपडे मिळतील, बूट मिळतील, आपण का तोंड वाकडं करायचं. दुसरा म्हणत होता, इथून तापी ओलांडून हजिऱ्याला जायला अर्धी सुट्टी जाते, आपण काही बागायतदार नाही. तिसऱ्याला वाटत होतं की संघ विकला गेला.

आप्पाने चहा गाळता गाळता सांगितलं, "मी त्या मैदानात पाय ठेवणार नाही. लिहून घ्या."

मी म्हटलं, "लिहून कुणी घ्यायचं आप्पा? मला येत नाही, तुला येत नाही."

सगळे हसले, तोही हसला, पण गाळणी झटकताना हात जरा जोरातच झटकला. मग त्याने रघूकडे बघितलं. रघू त्या दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभा होता आणि पायाने खडी बाजूला सारत होता, जणू उद्या तिथेच खेळायचं आहे.

सामन्याच्या दिवशी दुपारी एक टेम्पो ठरवला. कापडाचे ताके वाहणारा, त्यामुळे बसायला चिंध्यांची गादी. तुम्ही जाल तेव्हा बस मिळेल, आता रस्ताही रुंद झालाय. आमचा टेम्पो रिंगरोडवरून निघाला, पुलावरून तापी ओलांडली, अडाजण, पाल, इच्छापोर. त्या काळी पालच्या पुढे शेतंच होती आणि कडेला पोंकचे मांडव लागलेले. पोंक म्हणजे आपला हुरडाच, ज्वारीचा, पण सुरतेचे लोक त्याच्यावर लिंबाची शेव आणि मिऱ्याची शेव टाकून खातात. थंडीत गेलात तर चुकवू नका. आपल्या हुरड्याइतका गोड नसतो, हे मी म्हणणारच, तुम्ही खाऊन ठरवा. पुढे मोठाल्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या, एकीच्या टोकाला दिवसासुद्धा जाळ. मनीषा त्या जाळाकडे बोट दाखवून खिदळत होती. 

आणि हो, आप्पा टेम्पोत होता. मी त्याला विचारलंच, पाय ठेवणार नव्हतास ना? तर म्हणाला, मैदानात नाही म्हटलं होतं, टेम्पोत नाही असं कुठे म्हटलं?

हजिऱ्याच्या वसाहतीचं फाटक, फाटकावर चौकीदार. त्याने आमच्या भाकऱ्यांची गाठोडी आत नेऊ दिली नाहीत, बाहेर झाडाखाली ठेवायला लावली. मैदान मात्र असं होतं की मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हिरवं, सारखं केलेलं, एक खडा नाही. एका बाजूला पायऱ्या, वर पत्र्याचं छप्पर, सावली, पिण्याच्या पाण्याचा माठ. समोरच्या बाजूला जाळीचं कुंपण आणि कुंपणापलीकडे धुळीचा रस्ता. साहेब मराठीच, नागपूरकडचे, हसतमुख माणूस. म्हणाले, या मावशी, सावलीत बसा. खोटं का बोलू, मला तो माणूस आवडला.

आम्ही बसलो आणि माझ्या लक्षात आलं. रेघ कुठल्या कुठे. मध्ये धावायचा पट्टा, मग लोखंडी कठडा, मग आम्ही. आणि सूर्य आमच्या पाठीमागे. आम्हाला मैदान लख्ख दिसत होतं, पण मैदानातून आमच्याकडे बघितलं तर छपराखाली नुसता अंधार. रघू गोलमध्ये उभा राहून एकदा आमच्याकडे बघत होता. सुनंदाने पंजा वर केला. त्याने मान हलवली नाही. तो नुसता बघत राहिला, जसं आपण विहिरीत बघतो.

खेळ सुरू झाला. पहिल्यांदा काही वाटलं नाही, कारण बॉल समोरून आला आणि त्याने पायाने उडवला. पोरांनी नवे पिवळे कपडे घातले होते, त्या कपड्यांत आमचीच पोरं ओळखू येत नव्हती. मग एकदा गोलपाशी गर्दी झाली आणि पंचाने शिट्टी मारली. सगळे थांबले. आमच्या सगळ्यांचे पंजे वर गेले, अंधारात. रघू थांबला नाही. तो पुढे झेपावला आणि त्याने बॉलला जोरात लाथ मारली. बॉल समोरच्या संघातल्या एका पोराच्या गुडघ्यावर बसला. तो पोरगा शिट्टीमुळे निवांत उभा होता. खाली बसला तो उठेना.

पंच धावत आला. गुजराती माणूस. रघूच्या पाठीमागून त्याला झापायला लागला. रघू त्या पोराकडे वाकून बघत होता, त्याला काय माहीत मागे कोण आहे. पंचाला वाटलं हा मुद्दाम पाठ फिरवतोय. त्याने पुढे जाऊन हिरवं कार्ड दाखवलं, म्हणजे ताकीद दिली. मग आमच्या कप्तानाकडे वळून विचारलं, "आने संभळातुं नथी के शुं?" याला ऐकू येत नाही की काय.

कप्तान म्हणाला, "नाही साहेब, जरा तोऱ्यात असतो तो."

रघूसारख्या माणसाला तोरा. पण त्या घडीला तोच शब्द त्याला वाचवणारा होता. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला आणि सगळ्यांना लाजही वाटली. खुर्चीत बसलेले साहेब पुढे वाकले होते. शेजारच्या माणसाला काहीतरी विचारत होते.

मध्यंतराला आम्ही दोन गोलने मागे होतो. ते नेहमीचं, त्याचं दुःख नाही. सुनंदा मनीषाला मांडीवर घेऊन नुसती बसली होती. म्हणाली, परत असं झालं तर पंच बाहेर काढील आणि मग साहेब विचारतील. मी उठून पाणी प्यायला गेले, कारण मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या डावात थोड्याच वेळात परत गोलपाशी गर्दी. परत शिट्टी. मी डोळे मिटले. उघडले तर रघू थांबलेला होता. बॉल पायाशी आणि तो शांत उभा.

सुनंदाने माझा दंड धरला. रघू आमच्याकडे बघतच नव्हता. तो समोर, जाळीकडे बघत होता. जाळीपलीकडे धुळीच्या रस्त्यावर सुकदेव आप्पा एकटा उभा होता. मैदानात पाय ठेवणार नाही म्हणाला होता ना, तर फाटकातून आत न येता तो मध्यंतरात कुंपणाला वळसा घालून पलीकडे जाऊन उभा राहिला होता. उतरतं ऊन सगळं त्याच्या तोंडावर. डोळे बारीक केलेले, बोटं नसलेला तो पंजा वर, आणि तो पंजा अख्ख्या मैदानातून दिसत होता.

सुनंदा उठली, मनीषाला कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरून फाटकाकडे चालायला लागली. तिच्यामागे मी. माझ्यामागे लग्न आटोपून परतलेला धनराज. मग ओळीने सगळे. कुणी कुणाला सांगितलं नाही. चौकीदार विचारत राहिला, क्या हुआ, क्या हुआ. आम्ही फाटकाबाहेर पडलो, कुंपणाला वळसा घातला आणि आप्पाच्या दोन्ही बाजूंना जाळीला चिकटून उभे राहिलो. ऊन डोळ्यांत घुसत होतं. मला तर मैदानात पिवळ्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. शेजारच्याचा पंजा वर गेला की मी माझा वर करायची, शेजारच्याने डाव्या खांद्यावर मूठ मारली की मी मारायची. मी कधी लूमवर काम केलेलं नाही, पण त्या दिवशी माझ्या मुलाला माझाही हात दिसला.

तो डाव रघू कसा खेळला ते मी सांगत नाही. आईने सांगितलेलं कुणी खरं धरत नाही. त्या डावात आमच्यावर गोल झाला नाही, एवढं सांगते. आपल्या पोरांनी एक मारला. आम्ही हरलो.

आणि सामना संपल्यावर साहेब तरातरा फाटकाबाहेर आले. हसू गेलेलं. त्यांच्यामागे बाकीचे खेळाडू, सगळ्यात मागे रघू, हातात हेल्मेट.

"आम्ही तुमच्यासाठी पायऱ्या बांधल्या," साहेब म्हणाले. "छप्पर घातलं. आणि तुम्ही भर सामन्यात सगळ्यांसमोर उठून बाहेर जाता? आमचं मैदान पसंत नसेल तर तसं सांगा. संघ परत घेऊन जा."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला ते तसंच दिसणार. आप्पाला तर हेच हवं होतं, त्याने तोंड उघडलं होतं, नाहीच पसंत म्हणायला. पण पोरं नवे बूट हातात घेऊन उभी होती. त्या बुटांकडे बघून त्याने तोंड मिटलं.  खरं सांगावं तर रघू जातो, न सांगावं तर सगळा संघ जातो.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांत म्हातारी मीच. "मावशी, तुम्ही सांगा. तुम्हाला मी सावलीत बसवलं होतं."

मी म्हटलं, "साहेब, थंडीचे दिवस. सावलीत हाडं आखडतात."

"सगळ्यांचीच?" साहेब म्हणाले.

  मी खाली बघत राहिले.

रघू आमच्या ओठांकडे बघत होता. किती समजलं, काय समजलं, कोण जाणे. तो पुढे आला. मी सांगितलं ना, तो नेहमी ओरडून बोलायचा. त्या दिवशी तो इतका हळू बोलला की साहेबांनाच कान पुढे करावा लागला.

"साहेब, मला ऐकू येत नाही. शिट्टी पण नाही. माणसं सावलीत बसली की मला त्यांचे हात दिसत नाहीत. म्हणून ती उन्हात गेली. तुमच्या पायऱ्या चांगल्या आहेत. संघाला ठेवा."

 साहेबांनी मान दुसरीकडे वळवून विचारलं की हे कधीपासून. रघूला कळलं नाही. सुनंदाने हाताने विचारलं, त्याने सांगितलं, लूमवर लागलो तेव्हापासून, हळूहळू. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडे बघून म्हणाले, आज त्या पोराचा गुडघा वाचला. उद्या कुणाचा डोळा गेला तर मी त्याच्या आईला काय सांगू? आम्ही सगळे घरी जाऊन त्यांना शिव्या देऊ शकलो असतो, पण ते बोलले त्यात खोटं काही नव्हतं. संघ राहिला. रघू राहिला नाही.

झाडाखालची गाठोडी तशीच उचलली. परतीच्या वाटेवर पालजवळ टेम्पो थांबवून आप्पाने सगळ्यांना पोंक घेतला. पोरं एका बाजूला, रघू एका बाजूला. मग कप्तान उठून रघूच्या शेजारी जाऊन बसला आणि आपल्या पानातली शेव त्याच्या पानात टाकली. तोऱ्यात असतो म्हणाला होता ना तोच. रघूने ती खाल्ली. 

मी आणखी दोन-तीन दिवस राहिले. सुरत बघायला जाणाऱ्यांसाठी सांगते, चौकातला लोचो, म्हणजे सैलसर ढोकळाच, गरम असतानाच खा, गार झाला की तो नावाला जागत नाही. साड्या घ्यायच्या तर रिंगरोडच्या मार्केटात ठोक भावाने मिळतात, पण एकटीने जाऊ नका, दोघी जा, एक भाव करायला आणि एक उठून चालायला लागायला. त्या दिवसांत रघूने पॅड धुतले, पट्टे नीट शिवले आणि नव्या गोलकीपरकडे नेऊन दिले. तो नवसारीचा होता. परत येऊन मनीषाला घेऊन बसला. मी उधन्याला गाडीत बसले तेव्हा तो फलाटावर उभा होता. गाडी सुटताना त्याने पंजा वर केला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ बंद कर. मला माहीत होतं, पण मी तो निरोपाचा धरला.

घरी आल्यावर बातम्या येत राहिल्या. नव्या गोलकीपरला शिट्टी ऐकू यायची, बॉल दिसायचा नाही. संघ हरायचाच. लिंबायतची माणसं चार-सहा वेळा हजिऱ्याला गेली, मग टेम्पो भरेना, मग जाणं बंद झालं. रघू मात्र बसने जात राहिला. आत, पायऱ्यांवर, सावलीत बसायचा. शिट्टी झाली की शेजारची माणसं सावरून बसायची, त्यावरून त्याला कळायचं, आणि तो सवयीने पंजा वर करायचा. नवसारीच्या पोराने कधी तिकडे बघितलं नाही. त्याला गरज नव्हती. पुढे कारखान्याने संघ मोडला आणि तेही संपलं. आप्पा गेला. जुन्या मैदानावर गोदामं आहेत, तुम्ही जाल तेव्हा विचाराल तर कुणी सांगणार नाही की इथे हॉकी होती.

मी काय घेऊन आले, असं मनीषा विचारते. माणूस सहल करून आला की काय आणलं ते सांगावं लागतं म्हणे. मी त्या उन्हातून डोळे दुखवून आणले. आजही पश्चिमेकडे तोंड करून कुणी डोळे बारीक केलेलं दिसलं की मला ती सगळी माणसं ओळीने दिसतात, जाळीला चिकटलेली, हरणाऱ्या संघासाठी सावली सोडून आलेली. एवढी माणसं माझ्या मुलासाठी उभी राहिली आणि तरी त्याचं गेलं ते गेलंच. दोन्ही खरं आहे. एक दुसऱ्याने भरून निघत नाही.

रघू अजून लिंबायतलाच आहे, लूम सुटला, सुनंदा आहे, बरं चाललंय. तुमच्यातले बरेच जण त्याला भेटायला जातात आणि जाताना पेढे नेतात, केळी नेतात, मऊ मऊ काहीतरी. ते नेऊ नका. बाहेरचं काहीच त्याला ऐकू येत नाही, पण बिबडी, आपला खान्देशी पापड, चावली की तिचा आवाज आतून येतो म्हणतो, हाडांतून, पूर्वीसारखा. तर ज्वारीच्या बिबड्या पाठवा, जाड थापलेल्या, कडक उन्हात वाळवलेल्या, आणि डबा झाकणाच्या वर येईल एवढ्या भरून पाठवा.